सवडीने एमबीए

ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यात ऑनलाइन एमबीएला बसलेला माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. घणसोली स्टेशनाबाहेर गळ्यात ओळखपत्र अडकवून कटिंग पीत उभ्या असलेल्या घोळक्यात एक तरी सापडतोच. एमबीए पुरं केलेला माणूस शोधायला मात्र वेळ लागतो. मधल्यांना विचारावं, "कुठवर आलं?", तर उत्तर ठरलेलं असतं : "चालू आहे." हे "चालू आहे" दोन वर्षं पुरतं, तीन वर्षं पुरतं, आणि मुलगा पाहायला आलेल्या मंडळींसमोर तर पदवीपेक्षाही जास्त वजनदार ठरतं. पदवीचे टक्के विचारता येतात, "चालू आहे"चे विचारता येत नाहीत.

नवी मुंबईकराला यात वावगं काही वाटत नसावं, कारण त्याचं शहरच सवडीने झालेलं आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. तेव्हापासून इथे आराखडा आधी येतो, सेक्टरला नंबर पडतो आणि बाकीचं सगळं यथावकाश. बेलापूर-पेंधर मेट्रोचं भूमिपूजन १ मे २०११ ला झालं आणि प्रवाशांना घेऊन पहिली गाडी धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला, तीही औपचारिक उद्घाटनाची वाट न पाहता. वाट पाहायचा एव्हाना सगळ्यांनाच कंटाळा आला असावा. अकरा स्थानकं, साडेबारा वर्षं. विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ ची, पायाभरणी फेब्रुवारी २०१८ ची, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं आणि पहिलं प्रवासी विमान त्याच वर्षीच्या नाताळात. उरणची लोकल २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत पोचली, तिथे तिने पाच वर्षं दम खाल्ला आणि जानेवारी २०२४ मध्ये ती उरणला टेकली. अशा गावात एखाद्याने मार्केटिंगचं दुसरं युनिट पुढल्या रविवारवर ढकललं, तर त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

या सबंध प्रवासात वेगवान टप्पा एकच, प्रवेशाचा. कुतूहल म्हणून कुठेतरी "एमबीए" एवढंच सर्च केलं की तासाभरात फोन वाजतो. पलीकडची मुलगी स्वतःला काउन्सेलर म्हणवते आणि तिला सरांच्या करिअरची काळजी सरांच्या आईपेक्षा जास्त असते. "सर, सगळं तुमच्या सोयीने आहे. लेक्चर रात्री दोनला बघा, पहाटे पाचला बघा, परीक्षा घरून द्या." एवढं सांगून झालं की ती हळूच पुस्ती जोडते, "फक्त फीमधली सूट आज रात्री बारापर्यंतच आहे, सर." सवडीच्या शिक्षणातली पहिली घाई ती हीच. सर "विचार करून कळवतो" म्हणतात. दुसऱ्या दिवशी सूट पुन्हा आज रात्री बारापर्यंतच असते. आठवडाभर ही मध्यरात्र टळत राहते आणि अखेर एका अप्रेझलच्या संध्याकाळी, शेजारच्या टेबलावरच्या पोराला बढती मिळाल्याचं कळल्यावर, सर फीचे हप्ते बांधून मोकळे होतात.

मग ओळखी पटवण्याचा कार्यक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणक्रमांसाठी डीईबी-आयडी सक्तीचा केला. तो काढायला आधी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं लागतं, त्या खात्याला आधार लागतं, आणि आधारचा ओटीपी जातो वडिलांच्या जुन्या नंबरावर, जो नंबर नोटाबंदीच्या सुमारास बंद पडलेला असतो. दहावीच्या मार्कशीटवर आईचं नाव आहे, पॅनकार्डावर नाही, आधारवर आडनावाचं स्पेलिंग निराळं. एकच माणूस तीन कागदांवर तीन निरनिराळे इसम म्हणून वावरत होता, हे त्याला एमबीएच्या निमित्ताने प्रथमच कळतं. मनुष्यबळ व्यवस्थापनाचा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

हा खटाटोप उगाच मात्र नाही. पदव्यांच्या बाजारात इतकं बनावट धान्य आलं की एप्रिल २०२४ मध्ये आयोगाला जाहीर सूचना काढून सांगावं लागलं, "दहा दिवसांत एमबीए" अशा जाहिरातींना भुलू नका. दहा दिवस! दहा दिवसांत आपल्याकडे गणेशोत्सव उरकतो हे खरं, पण मंडळाचा जमाखर्च लागायला दिवाळी उजाडते. त्यात वर्गणी, मंडप, डीजे आणि प्रसाद एवढीच खाती असतात. आणि इथे फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, कायदा, सगळं धरून दहा दिवस. असा एमबीए झालेल्याला मंडळाचा खजिनदारसुद्धा कोणी करणार नाही.

वेगाने शिकण्याची कल्पना तशी मूळची लबाडीची नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये १९ राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली. तिथे फी विषयावर नसते, सहा महिन्यांवर असते. त्या मुदतीत जेवढे विषय उरकाल तेवढे तुमचे. एखाद्याने पंधरा वर्षं हिशेब लिहिले असतील, तर अकाउंट्सची परीक्षा देऊन पुढे सरका, कोणी अडवत नाही. थोडक्यात, अनलिमिटेड थाळी : पैसे एकदा, पुढे ज्याच्या-त्याच्या पोटाची हिंमत. आपल्याकडे राइस प्लेट आहे. इग्नूचा एमबीए दोन वर्षांच्या आत होत नाही आणि चार वर्षांपलीकडे चालत नाही. हिशेबात मुरलेल्या माणसालाही डेबिट म्हणजे काय, हे पहिल्या पानापासून वाचावं लागतं. आपल्या सवडीची सवलत आहे ती फक्त रेंगाळण्याची, पुढे धावण्याची नाही. आणि रेंगाळायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही.

आता रोजचा हिशेब. दूरशिक्षणात एका क्रेडिटमागे अभ्यासाचे ३० तास धरायची रीत आहे. चार क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सहामाहीत असे पाच विषय धरले तर ६०० तास, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोजचे तीन तास वीस मिनिटं. लग्नकार्य, सर्दी-पडसं, आयपीएल, सगळं वगळून. हे गणित प्रवेश घेताना कोणी करत नाही, करू नयेच. त्याऐवजी एक वेळापत्रक बनतं. एक्सेलमध्ये, रंगीत. सकाळी साडेपाच ते सात अभ्यास, रात्री दहा ते पावणेबारा अभ्यास. त्या वेळापत्रकावर जितके तास खर्च होतात तितके पुढे एकाही विषयावर होत नाहीत. सिडकोच्या भूमीत जन्मलेलं वेळापत्रक असल्याने आराखडा देखणा असतो, वस्ती विरळ.

साडेपाचला पाणी येतं. पाणी भरून होईतो डब्याची वेळ. डबा होईतो गाडीची. मग अभ्यास गाडीत शिरतो.

सकाळी ठाण्याहून पनवेलला निघालेल्या ट्रान्स-हार्बर गाडीत हा विद्यार्थी चटकन ओळखू येतो. एका कानात इअरफोन, दुसरा कान पुढल्या स्टेशनाकडे. पडद्यावर प्राध्यापक, वेग दुप्पट. दुप्पट वेगाने मॅस्लो ऐकला की माणसाच्या गरजांचा पिरॅमिड ऐरोलीला पायाशी सुरू होतो आणि रबाळ्याला शिखर येतं. मॅस्लोने १९४३ मध्ये सांगून ठेवलंय : आधी अन्न, पाणी, झोप, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानमरातब, आणि सगळ्यात वर आत्मविकास. विद्यार्थ्याने झोपेची पायरी गाळून थेट शिखराला हात घातलेला असतो. त्यामुळे घणसोलीच्या आसपास मॅस्लो खरा ठरतो आणि विद्यार्थ्याची मान शेजारच्या खांद्यावर कलते. प्राध्यापक बोलत राहतात. तुर्भ्याला जाग येते तेव्हा पट्टी ८० टक्क्यांवर गेलेली असते. लेक्चर जागेपणी ऐकलं की झोपेत, हे सिस्टिमला कळत नाही. ती आपली हिरवी खूण करते. शेजारचा खांदाही काही बोलत नाही. तोही कुठल्या तरी विद्यापीठात दाखल असतो.

घरी बसून शिकणाऱ्या बाईची तऱ्हा आणखी निराळी. पूर्वी पुस्तक हातात धरलं की घरातली माणसं आवाज उतरवून बोलत, रेडिओ बारीक होई, पोरांना दटावलं जाई. पुस्तकाचा तेवढा दरारा होता. मोबाइल हातात धरलेल्या माणसाला मात्र कोणीही कोथिंबीर निवडायला बसवतं. कोपरखैरण्याच्या एखाद्या घरात दुपारी दोन वाजता सून कॉस्टिंगचं लेक्चर पाहत असते आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज येतो, "अगं, किती वेळ त्या मोबाइलात डोकं? डोळे जातील." सून सांगते, "अभ्यास करतेय, आई." सासूबाई चष्मा लावून पडद्यात डोकावतात. पडद्यावर कोटातला एक गृहस्थ हातवारे करत इंग्रजी बोलत असतो. "हा तर शेअरबाजारवाला दिसतोय," असा निकाल देऊन त्या मटारची पिशवी पुढ्यात ठेवतात. तरीही, आजूबाजूला पाहिलं तर, धरलेला कोर्स तडीला नेणाऱ्यांत या दुपारच्या विद्यार्थिनीच जास्त दिसतात. मटार सोलताना हात गुंततात, कान मोकळे राहतात. घणसोलीच्या झोपेपेक्षा हे शिक्षण पक्कं.

घरी बसून पदवी घेणं काही आजचं नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. तेव्हा अभ्यास पोस्टमन आणत असे. १५ ऑगस्ट १९८४ पासून आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. इतर काही लागलेलंच नसायचं, म्हणून आजी-आजोबांनीही पेशींची रचना आणि कंपनांचं शास्त्र पाहून घेतलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद "ज्ञानगंगा घरोघरी". ज्यांचं शिक्षण कधीच सुटून गेलं होतं असे पोलीस शिपाई, कारखान्यातले कामगार, मुलं मोठी झाल्यावर पुस्तक उघडणाऱ्या गृहिणी, यांनी त्या गंगेत हात धुऊन घेतले आणि चाळिशीत पदवीधर झाले. त्यांना सवड होती म्हणून नव्हे. सवड नव्हती म्हणूनच ते तिकडे गेले. आता गंगा घरापर्यंत विनासायास येते. फक्त हॉलमधल्या राउटरपासून आतल्या बेडरूमपर्यंत पोचत नाही.

सवड दिली की माणसाचं काय होतं, याचा प्रयोग अमेरिकेत करून झालाय, आणि तोही नोकरी करता करता शिकणाऱ्या अधिकाऱ्यांवरच. एमआयटीमध्ये डॅन एरियली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांनी एका वर्गाला तीन निबंध लिहायला दिले आणि सांगितलं, तारखा तुमच्या तुम्ही ठरवा. पण ठरवलेली तारीख चुकली तर दर दिवशी एक टक्का गुण कापू. दुसऱ्या वर्गाला सारख्या अंतराने तीन तारखा नेमून दिल्या. पहिल्या वर्गातल्या बहुतेकांनी शेवटचा दिवस मोकळा असूनही आपणहून अलीकडच्या तारखा घेतल्या, म्हणजे स्वतःवरचा त्यांचा अविश्वास शहाणपणाचा होता. तरी गुण जास्त पडले ते नेमून दिलेल्या तारखांच्या वर्गाला. हा निबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. (याच एरियलींचं नाव सहलेखक म्हणून असलेला, प्रामाणिकपणावरचा एक निबंध आकडेवारी बनावट निघाल्यामुळे २०२१ मध्ये मागे घेतला गेला. पण तारखांचं म्हणणं कोपरखैरण्यात कोणालाही पटेल.) हार्वर्ड आणि एमआयटीच्या मोफत ऑनलाइन कोर्सेसची पाहणी २०१९ मध्ये "सायन्स"मध्ये आली. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन शेवटापर्यंत टिकले होते. पैसे भरलेल्यांचं प्रमाण पुष्कळ बरं होतं, हेही त्याच पाहणीत होतं. फी ही शिकवण्याची किंमत नसून टिकवण्याची किंमत आहे, हे काउन्सेलर मुलीला पाहणीशिवायच ठाऊक असतं.

अभ्यासात काय असतं? सगळ्यात आधी हेन्री फेयॉल. या फ्रेंच गृहस्थांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं सांगितली, आणि तेव्हापासून ती तशीच्या तशी विचारली जातात. त्यातलं एक असं की माणसाला हुकूम देणारा साहेब एकच असावा. महापे-ऐरोलीतल्या कंपन्यांत ज्यांचा एक साहेब पुण्यात, दुसरा बंगळुरात आणि तिसरा न्यू जर्सीत असतो, ते हे तत्त्व वाचून हळवे होतात.

मग केस स्टडी. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये मुंबईच्या डबेवाल्यांवर केस लिहिली. नवी मुंबईचा विद्यार्थी ती अमेरिकेहून आलेली म्हणून आदराने वाचतो. त्याच्या आजोबांचा डबा तीस वर्षं फोर्टात याच यंत्रणेने पोचला, पण डब्याच्या झाकणावरची रंगीत खूण म्हणजे "कोडिंग सिस्टिम" आहे, हे समजायला त्याला बॉस्टनमार्गे यावं लागतं. तो स्वतः दुपारचं जेवण ॲपवरून मागवतो. ते उशिरा येतं.

सर्वांत गंमत होते ती तुर्भ्याच्या मार्केट यार्डातून आलेल्यांची. एपीएमसीच्या फळबाजारात आंब्याचा सौदा हत्ता पद्धतीने होत आलाय : रुमालाखाली एकाचा हात दुसऱ्याच्या हातात, बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच नाकारायचा, आणि चारचौघांत उभं राहूनही तिसऱ्याला आकडा कळू द्यायचा नाही. चेहऱ्यावर सुरकुती हलली तर पेटीमागे नुकसान. अशा गाळ्यावर दहा हंगाम काढलेला एखादा पोरगा "निगोशिएशन स्किल्स" या प्रकरणात नापास होतो. प्रश्न असतो : वाटाघाटीत देहबोलीचं महत्त्व सविस्तर लिहा. त्याने दोन ओळी लिहिलेल्या असतात. हात झाकलेला असावा. तोंड बंद असावं. दहापैकी एक गुण. आदर्श उत्तरात समोरच्याच्या डोळ्यांत पाहणं, हसरा चेहरा आणि मोकळे हात अपेक्षित होते. तसं वागणाऱ्या माणसाला एप्रिलच्या पहाटे त्या बाजारात सोडलं, तर तो हापूसच्या भावात कर्नाटकी आंबा घेऊन हसऱ्या चेहऱ्याने घरी येईल.

असाइनमेंट हा वेगळा अध्याय. इग्नूमध्ये असाइनमेंटला ३० टक्के वजन आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के, शिवाय असाइनमेंट स्वतःच्या हस्ताक्षरात हवी. या एका अटीने गावोगावच्या झेरॉक्सवाल्यांची मुलं शिकली असतील. काचेला चिकटवलेला कागद असतो, "सॉल्व्ड असाइनमेंट मिळतील", आणि आत दुकानदार विषयाचा कोड विचारतो. नाव सांगितलेलं त्याला कळत नाही. विद्यार्थ्यापेक्षा त्याचा अभ्यासक्रम पक्का. "ते जुनं आहे, जुलै सेशनला क्वेश्चन बदललेत," हे विद्यापीठाआधी तोच सांगतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि दुकानाचा निम्मा धंदा बसला. उत्तर आता फुकट आणि अर्ध्या मिनिटात. पण हस्ताक्षराची अट तशीच. म्हणून रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक नवंच दृश्य दिसतं. यंत्राने विचार करून ठेवलाय आणि पदव्युत्तर वर्गातला माणूस पाठीत बाक काढून, लाँगबुकावर, त्याची नक्कल करतोय. अंगठा दुखायला लागला की बायकोला म्हणतो, "पुढचं पान तू लिही ना, तुझं अक्षर माझ्यासारखंच आहे." लग्नाला आठ वर्षं झाली, अक्षर सारखं असल्याचं पहिल्यांदाच निघतं. यंत्रांनी माणसाची कष्टाची कामं कशी हलकी केली, यावरचा तो निबंध असतो.

वर्ग नसला तरी वर्गबंधू असतात, व्हॉट्सॲपच्या गटात. नाव "एमबीए वॉरियर्स" किंवा तसंच काही. पावणेतीनशे सभासद, एकाने दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. सकाळी सुविचार, दुपारी नोकरीच्या जाहिराती, आणि रात्री अकरानंतर खरा प्रश्न : "लास्ट डेट एक्स्टेंड होणार का?" याचं उत्तर देणारा एक जाणकार प्रत्येक गटात असतो. मान्सूनचा अंदाज वर्तवावा तसं तो सांगतो, "गेल्या दोन वेळा वाढली होती, यंदाही वाढणार. निवांत राहा." सगळे निवांत होतात. तारीख वाढते. वाढलेल्या तारखेच्या आदल्या रात्री तोच प्रश्न पुन्हा येतो. पाठोपाठ पीडीएफ मागणारे येतात, मग "आयएमपी कोणी टाकेल का प्लीज" म्हणणारे, आणि पहाटे एकच्या सुमाराला एक प्रामाणिक आवाज : "सिलॅबस कुठे मिळेल?"

परीक्षा घरून. इथे कॅमेरा पहारेकरी असतो. सुरुवातीला लॅपटॉप हातात घेऊन खोली चारी बाजूंनी दाखवायची, टेबलाखालचं दाखवायचं, खोलीत दुसरं माणूस नाही असं सांगायचं. हे नियम ज्यांनी केले त्यांच्या घरात जास्तीची खोली असणार. सेक्टरातल्या वन-बीएचकेमध्ये एक माणूस एका खोलीत दोन तास एकटा बसणं, हाच मुळात संशयास्पद प्रकार. दारावर कागद लावतात, "परीक्षा चालू आहे, आत येऊ नये." आजींना मराठी वाचता येतं, पण आपल्यासाठी लिहिलंय असं वाटत नाही. त्या थालीपीठ घेऊन येतात. पडद्यावर सूचना झळकते : दुसरी व्यक्ती आढळली. विद्यार्थी नजर न हलवता ओठांतल्या ओठांत म्हणतो, "आजी, जा." ओठ हलल्याची दुसरी सूचना. आजी म्हणतात, "गरम आहे तोवर खा." तिसरी सूचना. खाली भंगारवाला ओरडतो, कुकर तीन शिट्या करतो, खिडकीत कबुतर फडफडतं आणि विद्यार्थी सवयीने तिकडे पाहतो. नजर हटल्याची चौथी. प्रश्न असतो, तणावाचं व्यवस्थापन कसं कराल.

विद्यार्थ्याला कॅमेऱ्याखाली सेकंदासेकंदाचा हिशेब द्यावा लागतो. विद्यापीठांच्या सवडीला मात्र असा पहारा नसतो. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. उन्हाळ्यात झालेल्या परीक्षांचे निकाल लावायला राज्यपालांनी ३१ जुलैची तारीख दिली. ती उलटली, पुढल्याही उलटल्या, आणि परदेशी प्रवेश मिळवून बसलेली मुलं निकालाच्या वाटेकडे डोळे लावून राहिली. त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. विद्यार्थ्याने असं केलं तर लेट फी पडते.

असो. शेवटी पदवी मिळते. डिजिलॉकरमध्ये, मध्यरात्री, कोणी जागं नसताना. सकाळी ती लिंक्डइनवर चढते आणि दोनशे माणसं अभिनंदन करतात, त्यातली निम्मी त्याच एका बटणावर बोट ठेवून. ऑफिसात एचआर म्हणते, "वा, छान! पोर्टलवर अपलोड करा." बढतीचं विचारलं की ती पुढल्या सायकलला पाहू म्हणते, म्हणजे तिचीही सवड आलीच. मुलाखतीला गेलं तर समोरचा कागदावरून नजर न उचलता विचारतो, "हे रेग्युलर होतं का?" विद्यार्थ्याने याची तयारी केलेली असते. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष मानावी, असं आयोगाचं २ सप्टेंबर २०२२ चं पत्रक आहे, हे तो तारखेसकट म्हणून दाखवतो. सबंध एमबीएमध्ये तोंडपाठ झालेली तारीख ती तेवढीच.

पदवीदान समारंभाला मात्र प्रत्यक्ष जायचं असतं. सकाळी इस्त्रीचा शर्ट, सोबत आई-वडील, बायको, पोरगं, आणि झग्याच्या भाड्याची पावती. ज्या विद्यापीठाचा आपण विद्यार्थी आहोत ते नेमकं कुठे आहे, हे मॅपवर पाहून रिक्षावाल्याला सांगावं लागतं. फाटकापाशी वॉचमन ओळखपत्र मागतो. विद्यार्थी मोबाइलवरचं ॲप उघडून दाखवतो. वॉचमन मोबाइल उलटा-सुलटा करून पाहतो, "हे नाही चालत, कार्ड दाखवा" म्हणतो. कार्ड कधी आलंच नव्हतं. वडील पुढे होऊन सांगतात, "अहो, आज याचा सत्कार आहे, एमबीए झालाय तुमच्याच इथून." वॉचमन पोराकडे नीट न्याहाळून पाहतो. दोन वर्षांत कधी दिसल्याचं त्याला आठवत नाही, आणि त्याची स्मरणशक्ती चांगली असते. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

"ऑनलाइनवाले का? मागच्या गेटने जा."